नारळ फुटल्यानंतर

आमचा जुना लॅपटॉप आपल्या मरणाने मेला नाही. त्याला कौस्तुभने मारलं. मे महिन्यातली दुपार, डोक्यावर पत्रा, पंखा गरम वारा घालतोय आणि हा कुठल्याशा स्पर्धेत बंदुका चालवत बसलेला. लॅपटॉप इतका तापला होता की खाली दोन लाकडी पट्ट्या सारून त्याला उचलून ठेवला होता. तरी ऐन मोक्याला त्याने मान टाकली. स्क्रीन काळी झाली. कौस्तुभ उठला, लॅपटॉप दोन्ही हातांनी डोक्यावर धरला आणि पायरीच्या चिऱ्यावर आपटला. एकदा आपटून समाधान झालं नाही म्हणून परत आपटला. त्यात माझे अख्ख्या हंगामाचे व्हिडिओ होते. मी किंचाळले, तेव्हा त्याने चार्जरची वायर दुमडली आणि माझ्या पाठीवर ओढली.

कौस्तुभ माझा सख्खा मोठा भाऊ. दादा म्हणायचं त्याला, आणि मी म्हणायचे. माझं नाव नम्रता. नाव ठेवणाऱ्यांचा अंदाज साफ चुकला, हे आमच्या वाडीत कोणीही सांगेल. पण तोंड कितीही चाललं तरी हाताला हात पुरत नाही. त्याचा हात माझ्या दुप्पट. आईने पाठीला हळद लावली आणि बाबा पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "भावा-भैणीचां भांडण. उद्या एका ताटात जेवतली."

आमचे बाबा, सत्यवान, पूर्वी मासेमारी करायचे. आता त्यांच्या होडीतून पर्यटक समुद्रात जातात, स्कुबा करायला. पर्यटक पाण्याखाली जातो, सोबतचा पाणबुड्या छोट्या कॅमेऱ्याने त्याचं चित्रण करतो आणि त्याची क्लिप बनवून पर्यटकाच्या मोबाइलवर देतात. ती बनवणारी मी. पाण्याखाली सगळं हिरवट-निळं दिसतं, माणसाचा चेहरासुद्धा बुरसटल्यासारखा. त्यात लाल रंग परत आणायचा, हलणारं चित्र स्थिर करायचं, गाणं लावायचं. साध्या लॅपटॉपवर हे करायला गेलं तर पर्यटक आपल्या गावी पोहोचून झोपला तरी क्लिप तयार होत नाही. त्याला ग्राफिक्स कार्ड लागतं, म्हणजे गेम खेळणाऱ्यांचाच लॅपटॉप लागतो. भांडणाचं मूळ हेच. मला आणि कौस्तुभला हवी असलेली वस्तू एकच होती.

जूनमध्ये जॅनेट भेटली. देवबागला तिचं स्वतःचं स्कुबा सेंटर आहे, दोन होड्या आहेत. ती म्हणाली, "तुझो लॅपटॉप घेवन ये आणि माझ्या व्हडयेर बस. लोक किनाऱ्यार उतराच्या आधी क्लिप हातात पडाक व्हयी. हंगामभर तां काम तुझां." मला त्या दिवशी घरापर्यंतचा रस्ता कळला नाही. इतकी वर्षं मी बाबांच्या पर्यटकांचं काम घरात बसून करत होते, कौस्तुभचा खेळ संपेपर्यंत वाट बघत, आणि कोणी विचारलं तर घरचे सांगायचे, "बसल्या बसल्या करता कायतरी." आता मला होडीवर जायचं होतं, माझं काम घेऊन.

बाबांनी एका लॅपटॉपच्या पैशांची सोय केली होती. एकाच. तो पावसाळ्यात घ्यायचा, म्हणजे नारळी पुनवेनंतर समुद्र उघडला की कामाला तयार.

बाबा, कौस्तुभ आणि मी, आम्ही तिघं कुडाळला गेलो. दुकान क्लाइव्हचं, तो कौस्तुभच्या ओळखीचा, पण माणूस सरळ. त्याने दोन लॅपटॉप शेजारी शेजारी मांडले. एक जाडा, एक बारका. जाडा म्हणजे काळं धूड, मागे जाळ्या, कीबोर्डाखाली लाल-निळे दिवे. त्याचा चार्जर उचलला तर नाकापेक्षा मोती जड. बारका राखाडी, माझ्या एका तळव्यावर पेलणारा, वहीइतका नव्हे पण पाठीवर टाकून स्कूटीवर बसलं तर खांदा भरून येऊ नये एवढा. क्लाइव्हने दोघांवर एकच गेम लावला, मग माझ्यासाठी एकच व्हिडिओ लावला. जाड्याचा पंखा मिक्सरसारखा ओरडायला लागला. बारका आवाज कमी करत होता, पण त्याच्या कीबोर्डाच्या वरच्या पट्टीवर मी पालथा हात धरला तर चांगली धग लागली.

"कार्डाचां नाव दोघांचां एकच," क्लाइव्ह म्हणाला. "पण बारक्याक वीज कमी मेळता, म्हणान तो जरा मागे पडता. जाडो गरम वारो मागसून भायर टाकता, म्हणान दमणा नाय. पण तो टेबलार राजा. चार्जर काढलो काय भिकारी, घडीभरात बॅटरी खल्लास. वापरतलो कोण आणि खंय, तां आधी सांगा."

"व्हडयेर," मी म्हटलं.

"घरात," कौस्तुभ त्याच क्षणी म्हणाला. हसतच म्हणाला. आणि काउंटरखाली माझं मनगट धरून पिरगळलं. तोंडावर हसू तसंच. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. मी ओरडले असते, पण परक्या दुकानात बाबांची शोभा होईल म्हणून दात दाबून उभी राहिले. याचा मला अजून राग येतो.

बाबांना काही ठरवता येईना. क्लाइव्हने मला विचारलं, समुद्रावर पत्र्याच्या सावलीत बसणार की उघड्यावर, बारक्यावर काम किती वेळात होतं ते चालेल का. मी सांगितलं, अर्धा तास इकडे तिकडे झालं तरी चालेल, होडी परत यायला तेवढा वेळ जातोच, पण जो लॅपटॉप होडीवर नेताच येत नाही तो माझ्या काय कामाचा. क्लाइव्ह म्हणाला, "मगे बारकोच." कौस्तुभ म्हणाला, ग्राफिक्स कमी असलेला लॅपटॉप घेणं म्हणजे पाय बांधून शर्यत लावणं, आणि माशांच्या व्हिडिओंना मोबाइल पुरे. आम्ही हात हलवत परत आलो.

मग पुढचे दिवस घरात लढाईच चालली. मी बारक्याचं नाव काढलं की चहाचा कप भिंतीवर. त्याने जाड्याचे व्हिडिओ मोठ्या आवाजात लावले की मी टीव्हीचा मेन स्विच बंद करायचे. एकदा त्याने माझी स्कूटीची चावी विहिरीत टाकली. एकदा मी त्याचा हेडफोन कोयत्याने तोडला, दोन सरळ तुकडे. त्या दिवशी त्याने मला केसांना धरून माजघरातून मागच्या दारापर्यंत नेलं आणि दारावर डोकं आपटलं. आईने मधे हात घातला तर तिलाही धक्का लागला, ती उखळावर पडली. शेजारचे बाबलीकाका कुंपणापाशी येऊन म्हणाले, "सत्यवान, तुझ्या घरात काय लगीन आसा काय रे, इतको आवाज?"

बाबांना लाज वाटली. मारामारीची नाही, आवाजाची. आणि त्या लाजेतून त्यांना तोडगा सुचला.

आमच्याकडे नारळी पुनवेला बंदरावर नारळ लढवतात. रीत सोपी. एकाने सोललेला नारळ मुठीत गच्च धरून टोक वर ठेवायचं, दुसऱ्याने आपल्या नारळाच्या टोकाने त्यावर ठोका द्यायचा. मग पाळी बदलायची. ज्याचा फुटला तो हरला. पुरुष लढवतात, बायकाही लढवतात. आणि घराघरांत बारीकसारीक वादसुद्धा गमतीने असेच तोडतात, म्हशीचं नाव काय ठेवायचं इथपासून.

"पुनवेक नारळ लढवा," बाबा म्हणाले. "जेचो फुटात तेणी हट सोडूचो. परत ह्या घरात लॅपटॉपाचां नाव नको."

क्लाइव्हने तासभर दोन यंत्रं चालवून, हात लावून, वजन करून जे दाखवलं होतं ते सगळं बाजूला आणि निकाल नारळावर. मी चिडायला हवं होतं. पण खरं सांगते, मला आनंद झाला. घरात कुठल्याही गोष्टीत कौस्तुभशी माझी बरोबरी नव्हती, नारळात होती. नारळाला कोणाचा हात दुप्पट आहे ते कळत नाही. विहिरीजवळच्या माडाचे नारळ लहान, पण करवंटी जाड. मी एकेक कानाशी धरून बोटाने वाजवला आणि खणखणीत आवाजाचा एक निवडला. कौस्तुभने बाजारातून लढतीचा म्हणून विकत आणला, मोठा, दिमाखदार.

पुनवेच्या सकाळी मी त्याला राखी बांधली. आईने सांगितलं म्हणून बांधली. नारळीभात झाला. जेवणं आटोपल्यावर मागच्या अंगणात कपडे धुवायच्या दगडापाशी आम्ही दोघं समोरासमोर बसलो. बाबा, आई, पंच म्हणून बाबलीकाका आणि कुंपणापलीकडे त्यांच्या घरच्या बायका. सगळे हसत होते. कौस्तुभही हसत होता.

पहिला ठोका त्याचा. मी नारळ दगडावर टेकवून धरला होता. दणका खांद्यापर्यंत गेला, पण नारळ शाबूत. मग माझी पाळी, त्याचाही शाबूत. दुसऱ्या वेळी त्याने सगळा जोर लावला आणि माझ्या तळव्याला झिणझिण्या आल्या. नारळाला चराही नाही. बाबलीकाकांनी "व्वा गो!" केलं आणि कौस्तुभचं हसू गेलं. माझी पाळी आली. मी टोक नीट जुळवलं, कोपर वर घेतलं आणि मारलं. टक्क असा कोरडा आवाज झाला. त्याच्या बोटांमधून पाणी वाहायला लागलं.

"फुटलो!" बाबलीकाका ओरडले. "नमू जिकली!"

बायकांनी टाळ्या वाजवल्या. बाबा म्हणाले, "झालां तर मगे, बारको." मला वाटतं मी आयुष्यात तेवढी खूश कधीच नव्हते. मी नारळ दगडावर ठेवला होता, माझा उजवा हात अजून त्याच्या शेजारी दगडावरच होता आणि मी आईकडे बघत होते. कौस्तुभ म्हणाला, "जा आता, बस व्हडयेर." आणि तो फुटका नारळ दोन्ही हातांनी उचलून त्याने माझ्या बोटांवर घातला.

हाडाचा आवाज नारळापेक्षा वेगळा असतो. ओली काटकी मोडावी तसा. त्याने दुसऱ्यांदा हात उचलला तेव्हा मी हात ओढला, तरी नारळ मधल्या बोटाच्या नखावर बसला आणि नख उलटून वर आलं. नारळाचं पाणी, रक्त, करवंटीचे तुकडे सगळं दगडावर एक झालं. मला दुखलं नाही. आधी फक्त राग आला, डोळ्यांपुढे पांढरं होण्याइतका राग. मी डाव्या हाताने माझा न फुटलेला नारळ उचलला आणि हातभर अंतरावरून त्याच्या तोंडावर फेकला. त्याचा वरचा ओठ फाटला, पुढचा एक दात तुटून दगडावर पडला. मला त्याची लाज वाटत नाही. अजून एक नारळ जवळ असता तर तोही फेकला असता.

त्याने मला लाथ घातली, मी मागे पडले, बाबांनी त्याला मिठी मारून धरलं. तो तोंडातून रक्त थुंकत शिव्या देत होता. आणि या सगळ्या गोंधळात पहिलं शहाणपण बाबलीकाकांना सुचलं.

"हात चुकलो!" ते कुंपणाकडे वळून मोठ्याने म्हणाले. "हात चुकलो! नारळ लढवताना होताच असां!"

"हात चुकलो," बाबा म्हणाले.

कुंपणापलीकडच्या बायकाही म्हणाल्या, "हात चुकलो, बाय माझ्या." मघाशी टाळ्या वाजवणाऱ्या ह्याच. नारळ फुटला, लढत संपली, त्यानंतर हात कसा चुकतो? पण दर पुनवेला कोणाची तरी बोटं नारळाखाली सापडतातच, त्यामुळे कोणाला खोटं बोलल्यासारखंही वाटत नव्हतं. तोंडात आयतं वाक्य होतं, ते सगळ्यांनी वापरलं.

कौस्तुभ तोंडाला पंचा लावून घरीच राहिला. बाबा आणि आई मला रिक्षाने मालवणात घेऊन गेले. हात आईच्या मांडीवर, टॉवेलात गुंडाळलेला. आता दुखायला लागलं होतं, प्रत्येक खड्ड्याला बोटांत सुरी फिरायची. दवाखान्यासमोर रिक्षा थांबली तेव्हा बाबांनी मला उतरू दिलं नाही. माझ्या खांद्यावर हात ठेवला. रिक्षावाला चहा प्यायला गेला होता.

"नमू," ते हळू म्हणाले, "डाक्टरीण विचारतली. हात चुकलो म्हणान सांग. तू पण तेचो दात पाडलंस, फिटांफीट झाली. पोलिसात गेलां तर पोराचां वाटोळां होतलां." मग म्हणाले, "उद्याच्या उद्या कुडाळाक जावया. तो हलको घेवया. तुझोच. तेका हात लावूक देवचंय नाय."

मी खोटं सांगणार नाही, माझं मन डळमळलं. बारका लॅपटॉप माझ्यासमोर दिसायला लागला, त्याचा राखाडी रंग, पाठीवरची सॅक, जॅनेटची होडी, मी पत्र्याच्या सावलीत बसलेली आणि पर्यटक उतरायच्या आधी त्यांच्या मोबाइलवर क्लिप गेलेली. एक वाक्य बोलायचं आणि हे सगळं मिळतंय. तेही लढत जिंकून मिळालेलंच होतं, तरी आता परत विकत घ्यायचं, खोटं बोलून. मी आईकडे बघितलं. ती रिक्षाच्या बाहेर बघत होती. तिचं तोंड मला दिसेना.

डॉक्टर तरुण बाई होत्या, बाहेरगावच्या असाव्यात. त्यांनी टॉवेल सोडला, बोटं पाहिली आणि भुवया वर केल्या. "दोन मोडली आहेत. नारळ लढवताना ना? आज सकाळपासून तुम्ही तिसऱ्या."

"होय मॅडम," बाबा शुद्ध भाषेत म्हणाले. "भावाचा हात चुकला."

"नाही," मी म्हटलं.

मग परत म्हटलं, नीट. "नाही. नारळ फुटून लढत संपली होती. मी जिंकले होते. मग त्याने माझ्या हातावर मारलं. दोनदा. मारायच्या आधी बोलून मारलं. आणि त्याचा दात मी पाडला, तेही लिहा."

बाबा खुर्चीतून अर्धवट उठले. "मॅडम, पोर घाबरली आहे, काहीही बोलते. घरात एका लॅपटॉपवरून जरा..."

"लॅपटॉपवरून?" डॉक्टर म्हणाल्या.

"होय," मी म्हटलं. "मला हलका हवा होता." हे बोलताना मला हुंदका आला. लॅपटॉप गेला, हे मला त्या क्षणी कळलं. बाबांच्या चेहऱ्यावर ते स्पष्ट लिहिलेलं होतं. हंगाम गेला, जॅनेटची होडी गेली आणि उजवा हात किती दिवसांनी चालेल ते देव जाणे.

डॉक्टरांनी पेन उचललं. तेव्हा आई टेबलाजवळ आली आणि तिने आपला डावा हात पालथा त्यांच्यासमोर ठेवला. आईची करंगळी वाकडी आहे, आत वळलेली, सरळ होत नाही. मला ती जन्मापासून तशीच माहीत. नारळ लढवताना मोडली, असं आजोळपासून सगळे सांगतात. आई तरुणपणी नारळात पटाईत होती, तेही सांगतात, कौतुकाने.

"माझं पण लिहा," आई म्हणाली. शुद्ध बोलताना ती अडखळत होती. "ही पण नारळ लढवताना मोडली, असं ह्यांनी डॉक्टरांना सांगितलं. मी पण होय म्हटलं." तिने बाबांकडे बघितलं नाही. "तेव्हा दिवाळी होती. दिवाळीला नारळ कोण लढवतं? पण कोणी विचारलंच नाही."

बाबा आईला म्हणाले, "मथुरा." मी त्यांच्याकडे बघितलं, पेपर वाचणाऱ्या, आवाजाची लाज वाटणाऱ्या, कधीही आमच्यावर हात न उगारणाऱ्या माझ्या बाबांकडे, आणि मला त्यांची किळस आली आणि रडूही आलं. दोन्ही एकदम.

"तुम्ही बाहेर बसा," डॉक्टर बाबांना म्हणाल्या. ते गेले. डॉक्टरांनी आईला खुर्ची दिली आणि मला सांगितलं की आता बोटं सरळ करायची आहेत, दुखेल. आईने माझा डावा हात धरला. बोट ओढलं तेव्हा मी ओरडले, खच्चून, अख्ख्या दवाखान्याला ऐकू जाईल असं. आईने मला गप बस म्हटलं नाही.

प्लास्टर ओलं असताना ती माझ्या कानाशी वाकली.

"गो नमू," तिने विचारलं, "तो हलको लॅपटॉप... डाव्या हातान चलता काय?"